गाडी बंद पडते, दोष टर्बोच्या माथी!

सिग्नल हिरवा होतो, मागून हॉर्नचा गजर सुरू होतो आणि नेमक्या त्याच क्षणी बारा-पंधरा वर्षांची डिझेल मोटार मुकाट्याने बंद पडते. चावी फिरवली की ती पुन्हा सुरू होते, पण चार दिवसांनी तोच प्रकार उड्डाणपुलाच्या चढावर घडतो. गॅरेजमध्ये नेली तर तेथे ती शहाण्या मुलासारखी तासभर चालते. मग निदानांची फैर झडते. पहिला मेकॅनिक ‘टर्बो गेला’ म्हणतो, दुसरा चारही इंजेक्टर बदलायला सांगतो आणि तिसरा गाडी विकून मोकळे होण्याचा सल्ला देतो. प्रत्यक्षात अशा गाडीत टर्बो क्वचितच गुन्हेगार असतो. बहुतेक वेळा तो या दुखण्याचा बळीच ठरतो.

हा प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे, कारण भारतातील टर्बो-डिझेल मोटारींची मोठी पिढी आता वयात आली आहे. फियाटचे १२४८ सीसीचे ‘मल्टिजेट’ इंजिन २००७ मध्ये मारुती स्विफ्टमध्ये आले, २००८ मध्ये टाटा इंडिका व्हिस्टामध्ये आणि २००९ मध्ये फियाटच्या लिनिया व पुंतोमध्ये. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाट-टाटांच्या संयुक्त प्रकल्पात ते तयार होत असे, तर मारुतीसाठी त्याचे उत्पादन हरियाणात चाले. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसले, की मोटारविश्वात त्याला गमतीने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हटले जाऊ लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल मोटारींना रामराम ठोकला. पण रस्त्यावरच्या गाड्या राहिल्याच. त्यांपैकी पहिल्या तुकडीने १५ वर्षे ओलांडली आहेत. एप्रिल २०२२ पासून अशा खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. त्यामुळे गाडी ठेवायची की भंगारात काढायची, हा निर्णय मालकाला घ्यावाच लागतो आणि तो निर्णय अनेकदा चुकीच्या निदानावर घेतला जातो.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदत थांबते. डिझेल इंजिनात ही निर्वात पोकळी इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. बूस्टरमध्ये साठलेली शक्ती एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच पुरते, नंतर पेडल दगडासारखे कठीण होते. स्टिअरिंगही जड होते. बोरघाटात किंवा खंबाटकीच्या उतारावर असे झाले तर ब्रेक पुन:पुन्हा न दाबता एकदाच ठाम दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो. थांबल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि प्रवाशांना कठड्याच्या पलीकडे उभे करावे.

<b>‘बंद पडते’ म्हणजे नेमके काय?</b>

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, प्रश्नांनी होते. ‘गाडी बंद पडते’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. पहिल्यात इंजिन चालू असते, पण ताकद एकदम नाहीशी होते. कितीही पेडल दाबले तरी गाडी ठराविक फेऱ्यांच्या पुढे जात नाही. हे बंद पडणे नव्हे. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी-जास्त दिसल्यामुळे स्वत:हून ताकद कापतो. चावी बंद-चालू केली की बहुधा ती परत येते. येथे टर्बो, त्याचे होज पाइप आणि त्याचा नियंत्रक झडपसंच तपासणे योग्यच ठरते.

दुसऱ्या प्रकारात गाडी आधी झटके खाते, लंगडते, धाप लागल्यासारखी करते आणि मग बंद पडते. तिसऱ्यात कोणतीही पूर्वसूचना नसते. घरातील दिव्याचे बटण कोणी दाबावे तसे इंजिन क्षणात थांबते. जाणता मेकॅनिक मालकाला सर्वांत आधी हेच विचारतो. हळूहळू मरणारे इंजिन बहुतेकदा इंधनासाठी आसुसलेले असते, एका झटक्यात थांबणारे इंजिन विजेच्या किंवा सेन्सरच्या दोषाकडे बोट दाखवते. हा नियम काटेकोर नाही, पण तपासाची दिशा ठरवायला पुरेसा आहे.

त्यानंतरचे प्रश्न वेळेचे. गार असताना बंद पडते की तापल्यावर? चढावर, की पेडलवरून पाय काढल्यावर? टाकी पाव भरली असतानाच का? एसी चालू केल्यावरच का? पावसानंतर का? आणि बंद पडल्यावर लगेच सुरू होते, की वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागते? मालकाने आठवडाभर या नोंदी कागदावर टिपून ठेवल्या, तर मेकॅनिकचे अर्धे काम होते. दुर्दैवाने बहुतेक मालक ‘मध्येच कधीतरी पडते’ एवढेच सांगतात आणि मग सुटे भाग बदलून पाहण्याचा खेळ सुरू होतो.

<b>डिझेलची वाट</b>

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा प्रचंड दाबली की ती इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे चालू डिझेल इंजिन थांबवायचे असेल तर सहसा त्याचे इंधन तोडावे लागते. याच तर्काने उलट विचार केला, तर बंद पडलेल्या डिझेल इंजिनाबाबत पहिले दोनच प्रश्न उरतात. डिझेल पोहोचले नाही का, की ईसीयूने ते मुद्दाम थांबवले?

जुन्या काळी पंप आणि नोझल एवढाच संसार होता. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून ‘कॉमन रेल’ पद्धत प्रवासी गाड्यांत आली आणि चित्र बदलले. या पद्धतीत उच्च दाबाचा पंप डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवतो आणि ईसीयूच्या हुकमाने इंजेक्टर ते फवारतात. मल्टिजेटच्या पिढीतील इंजिनांत हा दाब १४०० ते १६०० बारपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. इंजिन नुसते गुरगुरत उभे असतानाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब लागतो. तो साधारण दोनशेच्या खाली गेला की ईसीयू फवारणीच थांबवतो. जुन्या गाडीच्या बंद पडण्याचे मूळ अनेकदा येथे सापडते.

दाब का घटतो, याचा शोध टाकीकडून इंजिनाकडे येत घ्यावा, कारण स्वस्त कारणे टाकीच्या बाजूला असतात आणि महाग कारणे इंजिनाच्या. सर्वांत आधी डिझेल फिल्टर. तो तुंबला की सपाट रस्त्यावर गाडी नीट चालते, पण चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागते तेव्हा श्वास कोंडतो. फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. पावसाळ्यात आणि अर्धी टाकी रिकामी ठेवून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते अधिक साठते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे आणि बाटली तासभर स्थिर ठेवावी. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. काळपट बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीच साफ करावी लागते. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता मोजून पाहण्याचा अधिकार ग्राहकाला असतो, हेही या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

दुसरा संशयित हवा. ‘गाडीने एअर घेतली’ हा गॅरेजमधला जुना वाक्प्रचार कॉमन रेलच्या जमान्यातही खरा आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या ज्या भागात डिझेल ओढले जाते, तेथे रबरी नळी चिरली किंवा ओ-रिंग कडक झाली, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते. म्हणूनच जमिनीवर डाग नसतानाही हा दोष असू शकतो. पंपाआधी काही इंच पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी करावी. टाकी पाव भरलेली असताना वळणावरच बंद पडत असेल तर टाकीतील जाळी किंवा पंप पाहावा. टाकीचे झाकण उघडताना ‘सूंऽऽ’ असा मोठा आवाज होत असेल, तर हवा आत जाण्याचा मार्ग तुंबलेला असू शकतो. झाकण सैल ठेवून एक फेरी मारली की त्याचा निकाल लागतो.

येथवर सारे ठीक असेल तरच इंजेक्टरकडे वळावे. झिजलेला इंजेक्टर मिळालेल्या डिझेलपैकी बराचसा भाग न फवारता परतीच्या नळीत सोडून देतो. तापलेले डिझेल पातळ होते, त्यामुळे ही गळती इंजिन गरम झाल्यावर वाढते. गार असताना तत्परतेने सुरू होणारी गाडी तापल्यावर सिग्नलला बंद पडते आणि मग स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. याची चाचणी साधी आहे. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार मापांकित बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा वेगाने भरते, तो इंजेक्टर दोषी. एक बाटली भरली असताना चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर कारण अवश्य विचारावे. अनेक प्रणालींत नव्या इंजेक्टरवरचा सांकेतिक क्रमांक ईसीयूमध्ये नोंदवावा लागतो. तो टाळला तर नवा भाग बसवूनही इंजिन खडबडत राहते.

पंपावरील दाब नियंत्रित करणारी विद्युत झडप हे आणखी एक कारण. ती गाळाने अडकू लागली की पेडलवरून पाय काढताच दाब एकदम कोसळतो आणि इंजिन सावरू शकत नाही. अशी गाडी महामार्गावर तासन् तास धावते आणि टोलनाक्याच्या रांगेत दगा देते.

या सगळ्यात एक इशारा महत्त्वाचा. जुन्या पंप-नोझलच्या काळात इंजिन चालू ठेवून नोझलचा नट सैल करायची आणि कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखायची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात हे करणे जिवावर बेतू शकते. शेकडो बार दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत पेशी नष्ट होत जातात आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी इजा झाल्यास घरी पट्टी बांधून न थांबता थेट रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

<b>तापल्यावर रुसणारा सेन्सर</b>

आता दुसरी शक्यता, म्हणजे ईसीयूने स्वत: डिझेल थांबवण्याची. क्रँकशाफ्ट किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत फिरतो, हे सांगणारा क्रँक सेन्सर त्यासाठी जबाबदार असू शकतो. त्याचा संदेश थांबला की इंजिन फिरतच नाही असे ईसीयू समजतो आणि फवारणी बंद करतो. काही सेन्सरच्या आत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून तारेला अदृश्य भेग पडते. गार असताना टोके जुळलेली राहतात, तापल्यावर ती दुरावतात. म्हणून गाडी अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर क्षणात बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटांनी काहीच न घडल्यासारखी सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत निरोगी असते. मालकाला वेडे ठरवणारा दोष तो हाच!

त्याची एक खूण मालकाला स्वत: पाहता येते. गाडी बंद पडल्यावर स्टार्टर फिरवताना फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे. बऱ्याच गाड्यांत सेन्सर चांगला असेल तर काटा किंचित उचलतो. तो शून्याला चिकटून राहिला तर संशय बळावतो. सेन्सरवर ओले गार फडके ठेवल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर तो जवळपास पुरावाच. मात्र नवा सेन्सर घेण्याआधी जुना काढून त्याचे टोक पाहावे. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटून संदेश बिघडण्याचे प्रकारही घडतात आणि ते नुसत्या पुसण्याने बरे होतात.

वायरिंगचे दोष याच जातकुळीतले. बॅटरीचे सैल टर्मिनल, गंजलेली अर्थिंगची पट्टी, तापून सैल झालेला रिले, झिजलेला चावीचा स्विच यांपैकी काहीही इंजिन क्षणात थांबवू शकते. बंद पडताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आणि रेडिओ एकाच वेळी विझत असतील, तर इंधनाचा विचार सोडून सरळ विजेकडे जावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा शहरी गाड्यांचा तर खास आजार. वरून आवरण शाबूत दिसते, आत तार दोन धाग्यांवर लोंबकळत असते. इंजिन चालू ठेवून वायरिंगची जुडी हाताने हलवून पाहण्याची ऑटो इलेक्ट्रिशियनची जुनी पद्धत यंत्राला न सापडणारा दोष पकडून देते.

<b>मग टर्बोचे काय?</b>

स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच आहे. वाया जाणाऱ्या धुराच्या वेगावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. छोट्या मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो.

पण इंजिन नुसते गुरगुरत असताना टर्बो जवळजवळ बिनकामाचा असतो. त्या वेळी डिझेल इंजिनाकडे गरजेपेक्षा किती तरी जास्त हवा असते. टर्बो निकामी झाला तरी इंजिन साध्या, बिनटर्बोच्या इंजिनासारखे रडतखडत चालते. चढावर दम लागतो, काळा धूर निघतो, शिटीसारखा किंवा करवतीसारखा आवाज येतो. सिग्नलला बंद पडणे मात्र सहसा होत नाही. इंटरकूलरचा होज पाइप निसटला तरी लक्षणे अशीच. उलट टर्बोचे सील फाटून ऑइल हवेच्या मार्गात शिरले, तर डिझेल इंजिन तेच ऑइल जाळून चावी काढल्यावरही भरधाव फिरत राहू शकते. म्हणजे बंद पडण्याच्या अगदी विरुद्ध!

हवेच्या बाजूचा खरा संशयित वेगळाच असतो, तो म्हणजे ईजीआर झडप. प्रदूषण कमी करण्यासाठी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी ही झडप काजळीने माखते आणि उघडी अडकून बसते. मग उभ्या गाडीत ताज्या हवेऐवजी धूरच जास्त जातो आणि इंजिन थरथरून थांबते. शहरातील रांगेत रोज तासभर रांगणाऱ्या गाडीत काजळी झपाट्याने साठते. झडप काढून साफ करणे हे पहिले पाऊल, बदलणे दुसरे. ती कायमची ‘ब्लँक’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यामुळे प्रदूषण वाढते आणि ईसीयूचा दिवा पेटतो तो वेगळाच. काही इंजिनांत चावी बंद करताना हवा रोखणारा पडदा असतो, तोही अर्धवट मिटून अडकू शकतो. एअर फिल्टर तुंबलेला असताना टर्बोआधीची मऊ पडलेली रबरी नळी आतल्या ओढीने चपटी होण्याचा प्रकारही पाहण्यासारखा असतो. फिल्टरचे झाकण काढून पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

टर्बोला बळी म्हणायचे ते यासाठी. चढावर ताकदीने चालणारे इंजिन अचानक थांबते तेव्हा ऑइलचा पुरवठाही थांबतो, पण लालबुंद टर्बोचा दांडा आणखी काही क्षण फिरत राहतो. आतले ऑइल जळून त्याचा कडक थर जमतो. हे वारंवार घडले की बेअरिंग झिजते. तीन महिने दुर्लक्षिलेल्या साध्या फिल्टरपायी शेवटी टर्बोचाही खर्च मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

<b>पेट्रोल टर्बोची तऱ्हा</b>

जुन्या पेट्रोल टर्बो मोटारींना, उदाहरणार्थ २००० च्या दशकातील स्कोडा ऑक्टाव्हियाचे १.८ लिटर टर्बो किंवा २०१३ मध्ये आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण नेमके ठेवावे लागते. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरजवळचा सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोल देतो. पुढे एखाद्या नळीला चीर असेल तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच निसटते किंवा न मोजलेली हवा आत शिरते. दोन्ही बाबतींत हिशेब चुकतो आणि गाडी डळमळून बंद पडते. म्हणजे डिझेलमध्ये ज्या चिरेने फक्त ताकद गेली असती, त्याच चिरेने पेट्रोल इंजिन थांबू शकते.

पेडल सोडल्यावर टर्बोतील जादा दाब परत आत वळवणारी झडप याच कारणाने महत्त्वाची ठरते. तिचा पडदा फाटला तर गिअर बदलताना इंजिन अडखळते. काही हौशी तरुण ‘फुस्स’ असा आवाज यावा म्हणून ही हवा बाहेर सोडणारी झडप बसवून घेतात. मोजलेली हवा बाहेर गेल्याने पेट्रोलचे प्रमाण क्षणभर जास्त होते आणि सिग्नलजवळ येताच गाडी बंद पडते. आवाजाची हौस अशी फिटते! चीर शोधण्यासाठी हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडणारे यंत्र उत्तम. ते नसेल तर कमी दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून चीर शोधण्याचा उद्योग आगीला आमंत्रण देणारा आहे. याशिवाय मळलेली थ्रॉटल बॉडी, कमकुवत इग्निशन कॉइल आणि टाकीतील थकलेला पंप यांची तपासणी पेट्रोल गाडीत ओघानेच येते.

<b>स्कॅनरचे ऐकावे, पण किती?</b>

भारतात एप्रिल २०१० पासून मोटारींत दोषनोंदणीची ओबीडी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा अधिक कडक दुसरा टप्पा आला. आता खिशात मावणारे स्कॅनरही मिळतात. पण स्कॅनरवर उमटलेला संकेतांक म्हणजे निकाल नव्हे, ती केवळ फिर्याद असते. ‘पी ००८७’ हा संकेतांक रेलमधील दाब कमी असल्याचे सांगतो. तो फिल्टरमुळे, हवेमुळे, इंजेक्टरमुळे की पंपामुळे, हे सांगत नाही. त्यावरून थेट पंप बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरच्या आकड्यावर शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. ‘पी ०३३५’ हा क्रँक सेन्सरच्या संदेशाबाबतचा संकेतांक असला, तरी दोष सेन्सरऐवजी त्याच्या कनेक्टरमध्ये असू शकतो.

संकेतांकापेक्षा चालू गाडीतील आकडे अधिक बोलके असतात. ईसीयूने मागितलेला रेलदाब आणि प्रत्यक्ष मिळालेला रेलदाब शेजारी-शेजारी पाहत चढावर फेरी मारली, तर दोन्ही आकडे कोठे फाटतात ते दिसते. दाब आधी कोसळला आणि मग इंजिन थांबले, तर इंधन. दाब शाबूत असताना फेऱ्यांचा आकडा एकाएकी शून्य झाला, तर सेन्सर किंवा वायर. आणखी एक काळजी अशी, की नोंदी वाचण्याआधी बॅटरीची वायर काढू देऊ नये. अनेक गाड्यांत त्यामुळे जमा झालेला पुरावा पुसला जातो आणि तपास पुन्हा पहिल्या पानावर येतो.

<b>पैसे मोजण्याआधी</b>

ज्या तपासणीला पैसे लागत नाहीत ती आधी, ज्याला काही शे रुपये लागतात ते नंतर आणि ज्याला हजारो लागतात ते सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. टर्मिनल, अर्थिंग, झाकण, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नळ्या, ईजीआरची सफाई आणि क्रँक सेन्सर एवढे पाहून झाल्याशिवाय इंजेक्टर, पंप व टर्बो यांचे नावही काढू देऊ नये. एका वेळी एकच भाग बदलावा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी बरी होईलही, पण आजार कोणता होता ते कळणार नाही आणि जुने दोन चांगले भाग गॅरेजमध्ये राहतील ते निराळेच.

महाग भागाची शिफारस झाली तर चाचणीचा पुरावा मागावा. इंजेक्टर असेल तर चार बाटल्यांचा फोटो किंवा डिझेल लॅबचा छापील अहवाल, टर्बो असेल तर दांड्याची ढिलाई स्वत:च्या बोटांनी पाहण्याची संधी. टर्बोच्या दांड्याला आडवी अगदी किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. चक्राची पाती बाहेरच्या कवचाला घासत असतील, पुढे-मागे हालचाल जाणवत असेल किंवा पाती तुटलेली असतील तरच तो बदलण्याजोगा ठरतो. इंजेक्टर आणि पंप दोन्ही खरोखरच झिजले असतील आणि गाडी पुनर्नोंदणीच्या उंबरठ्यावर असेल, तर बाजारभाव आणि दुरुस्तीचा अंदाज शेजारी मांडून विकण्याचा विचार करणे शहाणपणाचे. त्या क्षणी तरी तो निर्णय तपासलेल्या आकड्यांवर घेतलेला असेल.

दुरुस्तीनंतरची फेरी गॅरेजच्या गल्लीत मारून उपयोग नाही. गाडी तापल्यावर बंद पडत होती, तर ती पाऊण तास चालवूनच पाहावी. चढावर पडत होती तर चढ गाठावा, पाव टाकीवर पडत होती तर टाकी त्या पातळीला येऊ द्यावी. मेकॅनिकला सोबत घेऊन ही फेरी पूर्ण झाली की मगच बिल चुकते करावे आणि बदललेले जुने भाग मागून घ्यावेत.